पिस्तुलाची गोळी काय करू शकते?

कमरेला पिस्तूल असले की माणूस निर्धास्त झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्वर काढले, त्याच्या मागेही हाच विश्वास होता. चित्रपटांनी तर त्याला भरपूर खतपाणी घातले आहे. नायकाची एक गोळी सुटते आणि खलनायक चार हात मागे फेकला जातो!

असे घडणे शक्य नाही, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकावरूनही कळते. क्रिया व प्रतिक्रिया समान असतात. तेव्हा पिस्तूल झाडणाऱ्याच्या हाताला जेवढा धक्का बसतो, त्याहून मोठा धक्का समोरच्याला बसणार कोठून? ९ मिलिमीटर पिस्तुलाची ७.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने जाऊन ७० किलोच्या माणसाच्या अंगात रुतली, तर त्याच्या देहाला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर भरतो.

गोळी करते ते एवढेच, की ती अंगात एक अरुंद छिद्र पाडते. ते मेंदूला अथवा मानेजवळच्या मज्जारज्जूला पडले, तरच माणूस जागच्या जागी कोसळतो. एरव्ही रक्तस्राव होऊन शुद्ध हरपेपर्यंत वाट पाहावी लागते. हृदय निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस १० ते १५ सेकंद हेतुपूर्वक हालचाल करू शकतो. तेवढ्या अवधीत सुरी चालवता येते, पिस्तूलही रिकामे करता येते.

याचा दारुण प्रत्यय ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत मायामीजवळ आला. एफबीआय या तपासखात्याच्या ८ अधिकाऱ्यांनी प्लॅट व मॅटिक्स या दोन दरोडेखोरांना गाठले. चकमकीच्या आरंभीच एक गोळी प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली, फुप्फुस फोडून हृदयापासून सुमारे एक इंचावर थांबली. जखम प्राणघातक होती. तरीही तो लढत राहिला. २ अधिकारी ठार व ५ जखमी झाले. प्लॅटच्या अंगावर १२ जखमा आढळल्या. त्याच्या रक्तात कोणतेही मादक द्रव्य सापडले नाही, हे मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. या प्रकरणानंतर खात्याने गोळ्यांची नव्याने परीक्षा आरंभली आणि निदान १२ इंच खोल जाणारी गोळीच ग्राह्य मानली.

नुसते पिस्तूल पाहूनही हल्लेखोर पळतो, हे खरे. पण तो परिणाम मनावरचा; पिसाटलेल्या अथवा नशेतल्या माणसाबद्दल तो गृहीत धरता येत नाही.

शिवाय गोळी लागावी लागते! रँड या संस्थेच्या २००८ च्या अहवालानुसार, १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना न्यूयॉर्कच्या शिक्षित पोलिसांच्या शेकडा १८ गोळ्याच लक्ष्यावर लागल्या. उरलेल्या कोठेतरी जातातच. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच शहरात एम्पायर स्टेट इमारतीबाहेर २ पोलिसांनी एका सशस्त्र इसमावर १६ गोळ्या झाडल्या. तो मेला; पण त्या गोळ्यांनी व त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी रस्त्याने जाणारी ९ माणसे जखमी झाली.