सुट्टीतली समुद्रसहल आणि चक्रीवादळांचे महिने

अंदमान, पुरी किंवा कोकणचा बेत ठरवताना आपण आधी शाळेची सुट्टी बघतो, मग तिकिटाचे दर. समुद्राचं वेळापत्रक सहसा कुणी बघत नाही. गंमत म्हणजे (गंमत कसली, अडचणच!) मे महिना आणि दिवाळी या आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या नेमक्या चक्रीवादळांच्या हंगामात येतात.

अटलांटिक महासागरात हा हंगाम एकच, 1 जून ते 30 नोव्हेंबर. तिथे या वादळांना हरिकेन म्हणतात. आपल्याकडे हंगाम दोन: एप्रिल ते जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मग मधल्या पावसाळ्यात का नाही? मुलं हे हमखास विचारतात. वर्गात उदबत्ती लावून दाखवा. धूर सरळ वर चढतो, पंखा लावला की तुटतो. चक्रीवादळाला गरम समुद्र लागतो, साधारण 26 अंशांच्या वर. शिवाय खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत फार फरक असून चालत नाही. पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येकडचे वारे आणि खूप उंचावर पूर्वेकडचे जोरदार वारे. वादळाचा खांब उभाच राहत नाही. अर्थात तेव्हाही समुद्र खवळलेलाच असतो, म्हणून पावसाळ्यात बोटीत बसा असं मी म्हणत नाही.

तारखा बघा. फानी 3 मे 2019 ला पुरीजवळ धडकलं. त्याआधीच पर्यटकांना शहर सोडायला सांगितलं होतं. निसर्ग 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. दाना 24 ऑक्टोबर 2024 च्या रात्री ओडिशात, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. आणि वादळ थेट अंगावर यायलाच हवं असंही नाही. डिसेंबर 2016 मध्ये खराब हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) हजाराहून जास्त पर्यटक अडकून पडले.

मग जायचंच नाही का? जा की! बहुतेक सुट्ट्या सुखरूप पार पडतात. फक्त अंदमानला बेटावरून परत यायची बोट आणि घरी यायचं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये एक मोकळा दिवस हवाच. प्रवास विमा तिकिटासोबतच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी बहुधा उपयोगाचा नसतो. निघायच्या पाच-सहा दिवस आधीपासून भारतीय हवामान विभागाची पत्रकं वाचा. ‘कमी दाबाचे क्षेत्र’ दिसलं की लक्ष ठेवा, ‘डिप्रेशन’ दिसलं की हॉटेलला फोन करा. वारा ताशी 62 किलोमीटरवर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव मिळतं. तोवर थांबलात तर परतीची तिकिटं मिळणं अवघड.

शाळेची सहल असेल तर पैसे भरण्याआधीच पालकांना लेखी कळवा: सहल रद्द करायचा निर्णय कोण घेणार, कोणत्या दिवसापर्यंत घेणार आणि किती पैसे परत मिळणार.