वाहतूक सदृशीकरण व विद्युत् वाहनांचे भारण

शहरातील वाहनांच्या हालचालींचे प्रतिरूप संगणकावर तयार करून त्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणे म्हणजे वाहतूक सदृशीकरण होय. विद्युत् वाहनांच्या घटमालांचे भारण (चार्जिंग) कोठे, केव्हा व किती प्रमाणात होईल, याचा आगाऊ अंदाज घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

गरज : ऊर्जेच्या एकूण मागणीची गणना सोपी असते. मध्यम आकाराच्या मोटारगाडीस १०० किमी. अंतरासाठी सु. १५ ते २० किलोवॉट-तास ऊर्जा लागते. म्हणजे रोज ४० किमी. धावणाऱ्या गाडीस ६ ते ८ किलोवॉट-तास पुरतात. तथापि वीजवितरणाच्या दृष्टीने एकाच वेळी व एकाच ठिकाणी येणारी मागणी निर्णायक ठरते. प्रत्येकी ५० किलोवॉटची बारा शीघ्र भारणयंत्रे एकदम चालू झाल्यास ६०० किलोवॉट भार पडतो आणि ६३० किलोव्होल्ट-अँपिअरच्या रोहित्राची जवळजवळ सर्व क्षमता त्यातच खर्ची पडते. सायंकाळी घरगुती वापरही वाढत असल्याने ही अडचण अधिक तीव्र होते.

पद्धती : १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डिट्रॉइट व शिकागो येथील पाहण्यांतून चार टप्प्यांची नियोजनपद्धती विकसित झाली. तीत शहराच्या विभागांमधील वाहतुकीचे प्रवाह मोजतात; एकेका वाहनाचा दिवसभराचा क्रम त्यातून कळत नाही. काई नागेल व मिखाएल श्रेकेनबेर्ग यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रतिरूपात रस्त्याचे ७·५ मी. लांबीचे कप्पे कल्पून प्रत्येक वाहन काही साध्या नियमांनुसार पुढे सरकविले जाते. चालकाचा वेग अधूनमधून सहज मंदावला, तरी उघड कारणाविना कोंडी निर्माण होते, हे त्यातून दिसून आले. जर्मन अवकाश संशोधन केंद्राने विकसित केलेली, २००१ मध्ये सर्वांस खुली झालेली ‘सुमो’ ही संगणक-प्रणाली वाहनांचा असाच स्वतंत्र माग ठेवते; घटमाला व भारणस्थानके यांचाही तीत समावेश करता येतो.

अशा सदृशीकरणात वेग, चढउतार, थांबे व गतिरोधनातून परत मिळणारी ऊर्जा विचारात घेऊन प्रत्येक वाहनातील शिल्लक ऊर्जा क्षणोक्षणी काढतात. त्यावरून स्थानकापुढील रांग व रोहित्रावरील भार समजतो. सर्वाधिक वर्दळीचा रस्ता हा मंद भारणाला सर्वांत सोयीचा असतोच असे नाही; वाहने जेथे तासन्‌तास उभी राहतात, ते कार्यालयाचे आवार वा निवासी गल्ली अनेकदा अधिक उपयुक्त ठरते.

मर्यादा : निष्कर्षांची विश्वसनीयता गृहीतकांवर अवलंबून असते. म्हणून प्रतिरूपाचा रस्त्यावरील प्रत्यक्ष मोजणीशी मेळ घालतात व यादृच्छिक घटक बदलून ते अनेकदा चालवितात. भारतीय शहरांत दुचाकी, रिक्षा व बसगाड्या मार्गिका न पाळता एकत्र धावत असल्याने मार्गिकांवर आधारलेले नियम बदलावे लागतात. याशिवाय, घरी भारणाची सोय असलेल्यांच्याच सवयी प्रमाण मानल्यास, स्वतःची वाहनतळाची जागा नसलेले रहिवासी हिशेबातून वगळले जातात आणि सार्वजनिक स्थानकांची गरज प्रत्यक्षाहून कमी भासते.