चंपाषष्ठी: दिलेल्या शब्दाचा सण

आषाढातल्या कांदेनवमीला वांगी, कांदा, लसूण मनसोक्त खाऊन घ्यायचे आणि मग चातुर्मासभर त्यांना शिवायचे नाही, हा नेम महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत पाळला जातो. कार्तिकी एकादशी-द्वादशीला चातुर्मास सुटतो, तुळशीचे लग्न लागते, लोकांची नेहमीची जेवणे सुरू होतात. मात्र ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे त्यांतल्या अनेक घरांत वांगे तेव्हाही येत नाही. ते आणखी तीन-साडेतीन आठवडे बाहेरच राहते, थेट मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत. त्या दिवशी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, गव्हाचे किंवा बाजरीचे रोडगे आणि पातीचा कांदा असा नैवेद्य देवापुढे येतो, खंडोबाच्या कुत्र्याची आठवण ठेवून एक घास कुत्र्याला घातला जातो आणि मगच घरातली माणसे जेवायला बसतात. खरिपाची बाजरी तोवर खळ्यावरून घरी आलेली असते, वांग्यांना बहर असतो. तेव्हा या नैवेद्यात हंगामाचा हिशेब आहेच. पण वांगी काही त्या एका दिवशी पिकत नाहीत. बाजारात ढीग लागलेले असतानाही ती खायची नाहीत, कारण देवाला आधी दाखवायची असे ठरलेले आहे. चंपाषष्ठी म्हणजे मणी-मल्ल दैत्यांवर मार्तंडभैरवाने, म्हणजेच खंडोबाने, मिळवलेल्या विजयाचा उत्सव, असे सगळीकडे सांगितले जाते. कथेपुरते ते बरोबर आहे. मात्र या दिवसाचे आचार नीट पाहिले तर त्यांत विजयाचा जल्लोष कमी आणि दिलेला शब्द पाळण्याची काळजी जास्त दिसते. खंडोबा हा करार करणारा आणि करार पाळून घेणारा देव आहे, आणि चंपाषष्ठी हा तो करार दरवर्षी नव्याने मान्य करण्याचा दिवस आहे, असे मला वाटते.

कथेपासूनच सुरुवात करू. स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवणाऱ्या 'मल्हारी माहात्म्य' या संस्कृत ग्रंथात ती येते. मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त करतात, देव हतबल होतात, तेव्हा शंकर मार्तंडभैरवाचे रूप घेऊन पृथ्वीवर उतरतो. युद्ध होते, आणि मार्गशीर्ष प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंतचे सहा दिवस त्याची आठवण म्हणून पाळले जातात. इथवर ही कथा कुठल्याही दैत्यवधासारखीच आहे. तिचे वेगळेपण शेवटी आहे. हरलेला मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि मरताना वर मागतो: जिथे तुझे ठाणे असेल तिथे मलाही जागा असू दे, आणि मला बोकडाचा नैवेद्य मिळू दे. देव ते मान्य करतो. मल्लालाही वर विचारला जातो, पण तो जगाचा नाश मागतो. त्याचे डोके उडवले जाते आणि देवळाच्या पायरीशी पडते, भक्तांच्या पायांखाली. दोघे भाऊ, दोघांचे अपराध सारखे, दोघांचा पराभवही सारखा. फरक पडला तो फक्त मागण्यात. ज्याच्या अटी माणसांसोबत नांदण्याच्या होत्या, त्याच्याशी देवाने करार केला. खंडोबा घोड्यावर बसलेला दिसतो तो या हरलेल्या शत्रूने दिलेल्या घोड्यावर, आणि जेजुरीच्या गडावर मणीलाही त्याची जागा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मणीची ही कथा मागाहून रचलेली आहे, असे म्हणता येते. खंडोबाला बोकड कापण्याची चाल धनगर, रामोशी, कोळी, मराठे अशा समाजांत फार जुनी होती. पुढे देव शिवाचा अवतार ठरला, त्याच्या पूजेत ब्राह्मण आणि लिंगायत भक्तही आले, आणि मांसाचा नैवेद्य देवाला कसा चालतो हा प्रश्न उभा राहिला. मग तो नैवेद्य देवाचा नव्हे, शेजारच्या मणीचा, अशी सोय झाली. हे बहुधा खरे असावे. पण त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट पक्के होते. मांस खाणारा भक्त आणि न खाणारा भक्त एकाच देवाच्या दारात आले, दोघांपैकी कोणीही हटायला तयार नव्हते, आणि कोणालाही हाकलून न देता तोडगा निघाला. एकाने बोकड कापावा, दुसऱ्याने भरीत-रोडगा दाखवावा आणि भंडारा दोघांनी मिळून उधळावा. पुराणकथेने केलेले काम एखाद्या गावाच्या बैठकीने करावे तसे आहे.

घरी हा उत्सव सहा दिवस चालतो. प्रतिपदेला, म्हणजे अनेक घरांत देवदिवाळी असते त्याच दिवशी, घट बसतो, नंदादीप लागतो, घटावर रोज एक माळ चढते. कोणी सहाही दिवस उपवास करतात, कोणी फक्त एकवेळ जेवतात. षष्ठीला घट उठतो आणि मग तळी भरली जाते. तळी हा या सगळ्याचा गाभा आहे आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबऱ्याची वाटी, पैसा आणि भंडारा म्हणजे हळदीची पूड ठेवतात. शेजारी दिवटी पेटलेली असते आणि तिला तेल घालायला बुधली. तीन, पाच, सात अशा विषम संख्येने पुरुष भोवती बसतात आणि सगळे मिळून ताम्हन धरतात. सदानंदाचा येळकोट होतो, ताम्हन वर उचलले जाते, खाली टेकते, पुन्हा उचलले जाते. टेकताना ते उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत. डोक्यावरची टोपी किंवा पागोटे काढून त्यावर, नाहीतर विड्याच्या पानांवर ठेवतात. शेवटी भंडारा एकमेकांच्या कपाळाला लागतो आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले जातात. या विधीला भटजी लागत नाही, संस्कृत मंत्र लागत नाही, आणि एकट्याने तो करताही येत नाही. ताम्हनाला अनेकांचे हात लागलेच पाहिजेत. प्रार्थना एकट्याने करता येते, साक्ष मात्र चारचौघांतच होते. तळी हे प्रार्थनेपेक्षा साक्षीच्या जवळचे आहे, आणि ज्या टोपी-पागोट्यात माणसाची अब्रू असते तेच तिच्याखाली ठेवायचे, यावरूनही ते उमगते.

भंडाऱ्याचे हेच काम घराबाहेरही चालत आले आहे. 'बेलभंडार उचलणे' म्हणजे शपथ घेणे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत बेलभंडाराच्या शपथा आहेत, आणि रामोशी समाजात भंडारा हाती घेऊन दिलेला शब्द मोडणे हे मोठे पातक मानले जाई. खंडोबाचा भंडारा कपाळाला लावला म्हणजे आशीर्वाद मिळाला, एवढेच आज आपण समजतो. पूर्वी त्याचा अर्थ आणखी एक होता: आता तू बांधला गेलास. जेजुरीच्या देवळापुढे जे मोठे पितळी कासव आहे, त्यावर तळी भरली जाते, भंडारा-खोबऱ्याची उधळण होते आणि फरशी, दीपमाळा, माणसे सगळी पिवळी होतात. त्या रंगात जात ओळखू येत नाही, हे नेहमी सांगितले जाते. मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की त्या क्षणी तिथले सगळे एकाच शपथेखाली असतात.

देवाच्या संसारातही ही बोली-बांधणी आहे. पहिली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, दुसरी बाणाई धनगराची. लोककथेत खंडोबा म्हाळसेशी पैज लावून सारीपाट खेळतो, डाव हरतो आणि ठरल्याप्रमाणे बारा वर्षे घर सोडून जातो. त्या काळात तो बाणाईच्या वाड्यावर चाकर म्हणून मेंढरे राखतो. देव असून पैज मोडत नाही, राजा असून चाकरी पुरी करतो. पुढे शिंपीण, माळीण, तेलीण अशा आणखी बायकाही परंपरेत येतात. रा. चिं. ढेरे यांनी 'खंडोबा' या ग्रंथात आणि गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने पुण्यात राहून केलेल्या कामात हे सारे तपशिलाने नोंदले आहे. शेतकरी, मेंढपाळ, व्यापारी, राखणदार असे वेगवेगळे समाज सोयरिकीच्या वाटेने या देवाभोवती जमले. ही सोयरीक समतेची होती असा दावा मात्र करता येणार नाही. म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे, तर बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर. दोन सवतींचे भांडण मिटवायला घातलेली ही वाटणी असे कथा सांगते. त्या वाटणीत धनगराच्या लेकीला अर्धीच चढण मिळाली, हे कथेला लपवताही आलेले नाही.

हा देव केवळ मराठी मुलखाचा नाही, हेही जाता जाता नोंदवायला हवे. कर्नाटकात तो मैलार आहे, तेलंगणात मल्लन्ना. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीच कर्नाटकात कुक्के येथे सुब्रह्मण्याची चंपाषष्ठी म्हणून साजरी होते. मार्तंड हे सूर्याचे नाव, आणि खंडोबाचा वारही रविवार. शिव, सूर्य, स्कंद आणि रानातला कोणी जुना राखणदार देव, असे अनेक धागे त्याच्यात विणले गेले आहेत.

दुसरा आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो. देवाशी करार करणे म्हणजे सौदा नव्हे काय? मूल होऊ दे, मग जागरण घालीन, असे म्हणणारा देवाला मागतो आहे की गिऱ्हाइकाशी बोलतो आहे? आपल्या संतांनी नवसावर कडक टीका केली आहे, तुकोबांनी तर फारच. एकनाथांनी वाघ्याच्या, म्हणजे खंडोबाला वाहिलेल्या भक्ताच्या, रूपकावर भारुड रचले तेही त्या आचाराला आत वळवण्यासाठीच. ही टीका मला आदराची वाटते, पण तिच्यातून एक बाजू सुटते. सौद्यात वस्तू हाती आली की नाते संपते. खंडोबाच्या नवसात काम झाले की जबाबदारी सुरू होते. जागरण घालायचे म्हणजे उसाची किंवा ज्वारीची ताटे उभारून चौक मांडायचा, वाघ्या-मुरळीला बोलवायचे, दिमडी, तुणतुणे आणि घाटीच्या तालावर रात्रभर देवाची कथा सगळ्या भावकीसमोर गाऊन घ्यायची, पहाटे लोखंडी साखळीचा लंगर तुटेपर्यंत जागायचे. कर्ज उघडपणे मान्य करायचे आणि उघडपणे फेडायचे. ज्या समाजांच्या हाती लिहिलेला कागद नव्हता, त्यांच्यासाठी दिलेला शब्द हाच कागद होता, आणि तो पाळण्याचे वळण या देवाने लावले. त्याला भक्तीची खालची पायरी म्हणताना जरा थांबावे.

तिसरा आक्षेप मात्र वाद घालून परतवण्यासारखा नाही, कारण तो खरा आहे. करार दोघांत होतो, पण खंडोबाच्या नवसाची किंमत अनेकदा तिसऱ्यानेच मोजली. मूल झाले तर पहिले तुला वाहीन असा नवस आई-बाप बोलायचे, आणि मुलगी झाली की भंडारा लावून तिचे देवाशी लग्न लागायचे. ती मुरळी व्हायची. तिला पुन्हा लग्न करता येत नसे, आणि देवाच्या नावाखाली तिच्या वाट्याला लैंगिक शोषण यायचे. यातल्या बहुतेक मुली दलित आणि गरीब घरांतल्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी आपल्या 'सोमवंशीय मित्र' या पत्रातून या चालीविरुद्ध मोहीम उघडली आणि मुरळ्यांची लग्ने लावून देण्याचा आग्रह धरला. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, पुढे २००५ साली महाराष्ट्राने ही प्रथा बंद करणारा आणखी कडक कायदा केला. परंपरेचे काही अभिमानी म्हणतात की ही बाहेरून आलेली ढवळाढवळ होती. खंडोबाच्या स्वतःच्या न्यायाने पाहिले तर तसे दिसत नाही. मणीने आपला वर आपण मागितला, घोडा आपला दिला. पैज हरला तो देव स्वतः घर सोडून गेला. या कथांत कोणीही दुसऱ्याचे आयुष्य पणाला लावून शब्द दिलेला नाही. पाळण्यातल्या मुलीने भंडारा उचललेला नसतो. तिच्या नावाने घेतलेली शपथ या देवाच्या रीतीनेच खोटी ठरते. कांबळ्यांनी लढा दिला तो माणुसकीच्या भूमीवरून, आणि तेवढे पुरेसे होते. पण श्रद्धावंतांनाही त्यांच्या बाजूने उभे राहण्याला देवाच्या कथेतच आधार होता, आणि तो फार थोड्यांनी घेतला.

त्याच आधारावर तळीचाही विचार आज करायला हवा. सहा दिवस घटाची राखण, उपवास, वांगी भाजणे, रोडगे थापणे हे बहुतेक घरांत बायकांकडे असते. षष्ठीला ताम्हनाला हात मात्र पुरुषांचेच लागतात. याला प्रथेपलीकडे कुठला आधार दाखवला जात नाही. कोणी म्हणेल, कुळाचार बदलला तर कूळ कशाला धरून राहायचे? पण बोकड आणि भरीत एकाच अंगणात नांदतील अशी वाट ज्या कुळाचाराने काढली, तो बदलाला घाबरणारा होता असे म्हणता येत नाही. साक्ष द्यायला बसणाऱ्यांची संख्या विषम असावी एवढाच नियम आहे, आणि तीन पुरुष व दोन बायका मिळूनही पाचच होतात.