जहाजावर खरं लाकूड चालतं का?

क्रूझवरून आलेल्या मित्राने केबिनचा फोटो दाखवला. “भिंती सागवानी! आग लागली तर?”

भिंत सागवानी नसते. आत बहुधा स्टीलचे पत्रे आणि मधे न जळणारी मिनरल वूल. वरचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर.

आगीची भीती मात्र खरी: 1934 मध्ये ‘मॉरो कॅसल’ जहाज जळालं, 130 हून जास्त माणसं गेली. लाकडी सजावटीने आग भडकली होती.

आज जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ नियमांनुसार अशा आवरणातून दर चौरस मीटरला 45 मेगाज्यूलपेक्षा जास्त उष्णता निघता कामा नये. 0.6 मिमी सागवान साधारण 7-8 देतं. ज्वाळा पसरण्याची चाचणी वेगळी.

मी व्हिनिअरचंच काम करतो. चाचणीचा दाखला गोंद आणि पॉलिशसकट बघतो; पॉलिश बदललं की निकालही बदलू शकतो.