हौस चाकांची, माप कुटुंबाचे

तरुण मुलाला गाडी जमिनीलगत हवी असते आणि चाके मडगार्डच्या काठापर्यंत बाहेर. हौस वाईट नाही. पण तिचे गणित रिकाम्या गाडीवर मांडले, तर ते रस्त्यावर चुकते.

सोसायटीच्या आवारात दहा गाड्या उभ्या असतात, पण नजर जाते ती एकीकडेच. गाडी साधीच असते, शेजारच्या चार गाड्यांसारखी. मात्र ती इतरांपेक्षा दोन बोटे खाली बसलेली असते. चाके मोठी, रुंद, आणि मडगार्डच्या काठाशी अशी जुळलेली की मध्ये जेमतेम बोट जावे. तरुण मुले थांबून पाहतात. घरातली वडीलधारी माणसे मात्र विचारतात, “ही खड्ड्यात जाणार नाही का?”

तरुणांच्या भाषेत या प्रकाराला ‘ॲग्रेसिव्ह फिटमेंट’ म्हणतात. आपण त्याला ‘आक्रमक बसवणी’ म्हणू. रिम रुंद घ्यायची, ती जास्तीत जास्त बाहेर आणायची आणि गाडी तिच्यावर खाली बसवायची, एवढाच याचा अर्थ. ऐकायला सोपे वाटते, पण एकेका मिलिमीटरचा हिशेब इथे द्यावा लागतो. हा हिशेब न करता दुकानातल्या चित्रावरून चाके निवडली की टायर मडगार्डला घासतो, बेअरिंग आवाज करू लागते आणि पहिल्याच सहलीत गाडी गॅरेजमध्ये जाते.

हे वेड आले कुठून?

गाडी खाली घेण्याची हौस आजची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ती लोकप्रिय केली. ती इतकी पसरली की १९५८ मध्ये तिथे कायदा आला : गाडीचा कोणताही भाग रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. यावर रॉन अगिरे या तरुणाने १९५९ मध्ये तोड काढली. त्याने आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की खाली! ते कलम रद्द व्हायला २०२४ साल उजाडावे लागले.

जपानमध्ये अशा खाली बसलेल्या गाडीला ‘शाकोतान’ म्हणतात. बाहेर काढलेल्या रुंद चाकांची आवड जगभर नेण्यात जपानी तरुणांचा मोठा वाटा आहे. पण त्याच जपानमध्ये नियम किती काटेकोर आहेत, हे आपल्याकडच्या हौशी मंडळींना सहसा ठाऊक नसते. तिथे खासगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. गाडीचे पोट जमिनीपासून निदान ९ सें.मी. वर असावे लागते. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांच्या टापूत रिम किंवा नट मडगार्डबाहेर आलेले चालत नाहीत. २०१७ पासून फक्त टायरला १० मि.मी.पेक्षा कमी अशी थोडी सूट मिळाली आहे. चित्रात बेफाम दिसणारी कित्येक चाके प्रत्यक्षात या चौकटीत मापून बसवलेली असतात.

आकडे काय सांगतात?

रिमवर किंवा तिच्या खोक्यावर काही आकडे असतात. रिमची रुंदी इंचांत असते आणि तिच्यापुढे ‘जे’ हे अक्षर असते. ‘ईटी’ हा आकडा सांगतो, की चाक हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. ईटी जितका कमी, तितके चाक गाडीच्या बाहेर येते. सारी आक्रमकता या एका आकड्यात असते.

समजा, गाडीला कंपनीची ६ इंच रुंद, ईटी ४५ ची रिम आहे. मुलाला ८ इंच, ईटी ३० ची रिम आवडली आहे. रुंदी दोन इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण २५ मि.मी. आली. त्यात ईटीमुळे चाक आणखी १५ मि.मी. बाहेर सरकले. म्हणजे बाहेरचा काठ ४० मि.मी. पुढे आला आणि आतला काठ १० मि.मी. शॉकअपच्या दिशेने गेला. चाळीस मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तीन बोटे! त्याऐवजी ७ इंच, ईटी ४० घेतली, तर बाहेर सुमारे १८ आणि आत सुमारे ८ मि.मी. एवढाच फरक पडतो. डोळ्यांना ही दुसरी रिमही भरलेली दिसते आणि बहुतेक छोट्या गाड्यांत ती निभावून जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

बोल्टच्या वर्तुळाचे माप, म्हणजे पीसीडी, याला तर तडजोडच नाही. भारतात विकल्या गेलेल्या पोलोचे माप ५ बाय १००, तर इनोव्हाचे ५ बाय ११४.३. फिएट पालिओचे ४ बाय ९८ होते. चार बोल्टची बहुतेक चाके ४ बाय १०० ची असल्याने ‘दोनच मिलिमीटरचा तर फरक आहे, बसेल’ असे सांगणारा दुकानदार भेटतो. चाक बसतेही, पण बोल्ट तिरके आवळले जातात. अशा चाकावर मुलाबाळांना बसवू नये.

नटाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. होंडाच्या मूळ नटांची बैठक गोल असते, तर बाजारातल्या बहुतेक अलॉय रिमना निमुळती बैठक लागते. जुनेच नट नव्या रिमला लावले, तर ते वरून घट्ट वाटतात, पण टेकलेले असतात जेमतेम एका कडेवर. कालांतराने ते सैल होतात. हजारोंच्या रिमबरोबर योग्य नटांचा संच घ्यायला काही शे रुपये लागतात, आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

टायरचे दुसरे नाव वजन

मोठ्या रिमवर पातळ टायर चढवताना टायरचा एकूण व्यास मूळ मापाजवळ राहिला पाहिजे. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६२१ मि.मी. भरतो. २०५/४५ आर १७ चा ६१६, म्हणजे एक टक्क्याच्या आतला फरक. पण १९५/४० आर १७ चा व्यास ५८८ पर्यंत उतरतो. स्पीडोमीटर पाच टक्क्यांनी जास्त वेग दाखवू लागतो आणि गाडी आधीच लोअर केलेली असताना आणखी सुमारे १७ मि.मी. खाली जाते.

याहून महत्त्वाचा आहे टायरवरचा भाराचा आकडा. ८८ असेल तर तो टायर ५६० किलो पेलतो, ८१ असेल तर ४६२ किलो. वर सांगितलेल्या १९५/४० टायरवर बहुधा ८१ हाच आकडा असतो. म्हणजे एका चाकामागे जवळजवळ शंभर किलोंची ताकद घटली. एकट्याने चालवणाऱ्या मुलाला हा फरक जाणवणार नाही. दिवाळीत आई, बाबा, आजी आणि डिकीत चार बॅगा घेऊन गावी निघाल्यावर जाणवेल.

अरुंद टायर ओढून रुंद रिमवर चढवण्याचीही एक पद्धत आहे. १९५/४० टायरसाठी साधारण साडेसहा ते साडेसात इंचांची रिम योग्य मानली जाते. ती आठ-नऊ इंचांवर ताणली की टायरची भिंत तिरपी होते आणि मडगार्डला घासत नाही, हे खरे. पण खड्ड्यात रिमची कड उघडी पडते आणि हवा थोडी जरी कमी झाली तरी टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. प्रदर्शनात उभ्या करायच्या गाडीला हे चालेल. आपल्या रस्त्यांवर नाही.

माप घ्यायचे ते माणसे बसवून

मुले गाडी धुऊन, रिकामी करून, सपाट जागी उभी करतात आणि मग मापे घेतात. हीच मूळ गोष्ट चुकते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचे चाक दाबले गेले की वरच्या बाजूने किंचित आत झुकते आणि मडगार्डखाली शिरते. मागे मात्र दोन्ही चाके एका आडव्या बीमला जोडलेली असतात. मागच्या सीटवर वजन आले की ती फारशी न झुकता सरळ वर जातात आणि मडगार्डच्या काठाला भिडतात. गाडीत माणसे बसतात तीही मागेच! म्हणून ‘पुढे बसले, म्हणजे मागेही बसेल’ हा हिशेब फसतो.

त्यासाठी आधी गाडी लोअर करून घ्यावी, आठवडाभर चालवून स्प्रिंग बसू द्यावेत आणि मगच चाकांचे माप घ्यावे. टाकी भरावी, डिकीत सामान ठेवावे, घरातल्या सगळ्यांना आत बसवावे. मडगार्डच्या काठावरून गवंड्यासारखा ओळंबा सोडावा आणि जुन्या रिमच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. बाहेर किती जागा आहे ते कळेल. आतली जागा शॉकअप आणि टायर यांच्यामध्ये मोजावी, तीही स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून. चांगला मेस्त्री असेल तर तो स्प्रिंग काढून चाक जॅकने वरपर्यंत उचलून दाखवेल, की ते नेमके कुठे टेकणार आहे. अर्ध्या दिवसाचे हे काम चार टायरांची किंमत वाचवते.

गाडी लोअर करण्यासाठी मूळ स्प्रिंग गॅसने कापून घेण्याचा स्वस्त मार्ग मुळीच पत्करू नये. उष्णतेने पोलादाचा ताव जातो आणि कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. त्या गाडीसाठी बनवलेले आखूड स्प्रिंग मिळतात. त्यांनी तीनेक सेंटिमीटर उंची कमी केली तरी दिसण्यात पुष्कळ फरक पडतो. अलाइनमेंट मात्र लगेच करून घ्यावी. नाही तर टायरची आतली कड काही महिन्यांत गुळगुळीत होते आणि बाहेरून टायर नवाच दिसत राहतो.

गतिरोधकाचा प्रश्न

कंपनीतून आलेल्या आपल्या छोट्या गाड्यांचे पोट साधारण १६ ते १७ सें.मी. वर असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सें.मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तो इतका पसरट असतो की पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीच्या पोटाखाली साडेचार सेंटिमीटरच जागा लागते. लोअर केलेली गाडीही त्यावरून आरामात जाईल. दुखणे आहे ते गल्लीत कोणीतरी रातोरात घातलेल्या अरुंद, उंच उंचवट्याचे. तिथे चेंबर फुटते. ज्याच्या रोजच्या वाटेवर असे दोन-तीन उंचवटे आहेत, त्याने रिमची स्वप्ने पाहण्याआधी ते मोजून यावे.

घरातल्यांनाही एकदा विचारावे. गाडी चार सेंटिमीटर खाली गेली की सीटही तितकीच खाली जाते. गुडघेदुखी असलेल्या आजीला उठताना दाराचा आधार घ्यावा लागतो. पातळ टायर आणि कडक स्प्रिंग यांचे धक्के सर्वांत जास्त मागे बसणाऱ्यांना बसतात. चालवणारा मात्र म्हणतो, “काय मस्त पकड आहे!”

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मूळ स्वरूपापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करते. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला दिलेले रिम-टायरचे माप सर्वांत निर्धोक. मडगार्डबाहेर डोकावणारे चाक नाक्यावरच्या हवालदाराला मोजपट्टीशिवायही दिसते.

विमा कंपनीला बदल लेखी कळवावेत. न कळवता केलेले बदल अपघातानंतरच्या पाहणीत उघड झाले, तर दावा अडचणीत येऊ शकतो. रिम घेताना तिच्यावर भाराचा आकडा आणि आयएसआय किंवा जपानची जे.डब्ल्यू.एल. खूण कोरलेली आहे का, ते पाहावे. नावाजलेल्या रिमची हुबेहूब नक्कल निम्म्या किमतीत मिळते आणि खूणही नकली असू शकते. पक्के बिल न देणाऱ्या दुकानातून ती घेऊ नये.

चाके बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत सगळे नट पुन्हा पान्याने तपासावेत. दसऱ्याला चाकांना झेंडूचा हार घालणाऱ्यांपैकी किती जण हे करतात? स्टेपनी मूळ मापाचीच राहणार असेल, तर तिचे जुने नट एका पिशवीत बांधून डिकीत ठेवावेत. रात्री महामार्गावर पंक्चर झाल्यावर नव्या रिमचे नट स्टेपनीला लागत नाहीत, हे तिथे कळून उपयोग नसतो. आणि काढलेली जुनी चाके भंगारात विकू नयेत. माळ्यावर जागा नसली तरी करावी. गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच मागते.