१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ या संख्येविषयी

दोनाच्या ६७ व्या घातातून एक वजा केला असता ही संख्या येते. मर्सेनने १६४४ मध्ये तिची गणना मूळ संख्यांत केली. १८७६ मध्ये ल्यूकाने ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले. परंतु एकही अवयव हाती न लागता! संयुक्तत्वाचे ज्ञान व अवयवांचे ज्ञान या भिन्न गोष्टी होत, हे विद्यार्थ्यांच्या क्वचितच ध्यानी येते.

‘क’ हा तिचा मूळ अवयव असल्यास, ६७ मूळ असल्यामुळे, २ चा क-सापेक्ष क्रम ६७ च ठरतो. म्हणून फर्माच्या प्रमेयानुसार (क − १) ला ६७ ने, आणि क विषम असल्याने १३४ नेही, भाग जातो. १९०३ मध्ये कोलने १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. पहिल्या अवयवातून एक वजा करून १३४ ने भागावे. भागाकार १४४५५८० येतो. क्रमाने तपासणाऱ्यास इतक्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. कोलने अर्थातच वर्गशेषांची चाळण लावली.