सोबतीला श्वान, पण सांभाळा भान

थंडी पडू लागली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, मुलांना आणि मोत्याला घेऊन एक रात्र डोंगरात राहून येऊ का?" माझे उत्तर असते, जरूर जा. दारात पट्टा तोंडात धरून कुत्रा उभा राहिला की मालकाचा आळस टिकत नाही. मात्र डोंगरातला मुक्काम म्हणजे बागेतला फेरफटका नव्हे. तयारी दोघांचीही हवी.

पहिल्या खेपेला जागा सोपी निवडावी. भीमाशंकर किंवा हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो; तेथे कुत्रा नेऊ नये. त्यापेक्षा लोणावळ्याहून राजमाचीची वाट बरी. पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत ही वाट सुमारे 15 किलोमीटर, पण बरीचशी सपाट आहे. पावसाळा सरल्यावर जीप जाऊ शकते. नवख्यांनी अर्धीअधिक वाट गाडीने जाऊन शेवटचे पाच-सहा किलोमीटर चालावे. कर्जतकडून कोंदिवड्याची चढण मात्र पुढच्या खेपेसाठी ठेवावी.

निघण्यापूर्वी चार आठवडे रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करून चालणे तासाभरावर न्यावे. हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बेत आखावा. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. वर्षाच्या आतले पिल्लू, म्हातारा कुत्रा आणि पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे या सहलीला नेऊ नयेत.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. म्हणून सकाळी लवकर निघावे आणि दर अर्ध्या तासाने त्याला पाणी पाजावे. हाताची मागची बाजू कातळावर पाच सेकंद टेकवून पाहावी; आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणारच. तो लडखडू लागला, हिरड्या लालभडक दिसल्या, तर उष्माघात समजावा. सावलीत नेऊन पोटावर व पंजांवर साधे पाणी ओतावे आणि त्वरित पशुवैद्य गाठावा. आपल्या डब्यातला कांदा, बेदाणे व चॉकलेट त्याला मुळीच देऊ नये. ते त्याला विषासारखे आहे.

रात्रीची गोष्ट अधिक गंभीर. सह्याद्रीत बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. अकोले तालुक्यातील 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा आढळला. तेव्हा रानात एकटा तंबू ठोकू नका. गावकऱ्यांना विचारून घरांलगतच्या मोकळ्या जागेत मुक्काम करा. अंधार पडला की कुत्रा बाहेर बांधून न ठेवता तंबूत आपल्याजवळच घ्या.

दुसरा धोका गावातल्या कुत्र्यांशी होणाऱ्या भांडणाचा. ते सोडवायला हात घालाल तर स्वतः चावा घेऊन बसाल. पट्टा आखूड धरा, अंगावर पाणी फेका, पण मध्ये हात नको. चावा झालाच तर हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नका. माझ्याकडे अशी भरलेली जखम घेऊन माणसे अजूनही येतात, तेव्हा काळजात धस्स होते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. हल्ली मोजक्या सुया ठरलेल्या दिवशी घ्याव्या लागतात. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे प्रतिविषही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून एकही सुई चुकवू नका.

परतल्यावर कुत्र्याचे कान, काखा आणि बोटांच्या फटी तपासा. गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्याने सरळ ओढून काढा.

वाचकहो, तंबू नंतर विकत घ्या. आधी मोत्याचे लसीचे कार्ड काढून पाहा. रेबीजची पुढची लस चुकली असेल तर ती आज टोचून घ्या. पहिलीच लस असेल तर त्यानंतर महिनाभर थांबा आणि मगच सहलीचा दिवस ठरवा.